पानाला पाठ असते

भाचीच्या नव्या फ्लॅटच्या वास्तूला गेले होते. दिवाणखान्याच्या भिंतीवर ओळीने सात फ्रेमी. नऊवारीतली बाई साबणाची वडी हातात धरून हसते आहे, एक गुटगुटीत बाळ डब्यातली पावडर पिऊन बाळसं धरतं आहे, शिवणयंत्रापाशी एक सूनबाई आणि तिच्याकडे कौतुकानं बघणारे सासूसासरे. सगळ्या जुन्या मराठी मासिकांतल्या जाहिराती. भाची हौसेनं जमवते आणि आता विकतेही. फोनवर फोटो टाकला की बंगळूर-पुण्याहून मागणी येते म्हणाली. निघताना केसांच्या तेलाची एक फ्रेम माझ्या हातात ठेवली. "आत्या, ही तुला. पैसे नको हं."

घरी आणल्यावर आठच दिवसांत फ्रेमीचा मागचा पुठ्ठा सुटला आणि पानाची दुसरी बाजू दिसली. तिथे एका बाईचं लिखाण होतं. नवरा गेल्यावर ट्रेनिंग कॉलेजात जाऊन मास्तरीण व्हायचं तिनं ठरवलं, त्याची हकीकत. घरातल्या बायकांनी बोलणं टाकलं, धाकटी जाऊ तेवढी चोरून भाकरी बांधून द्यायची. आणि पानाच्या शेवटी, "मग मामंजींनी मला बोलावून", इथे पान संपलं. बाईचं नाव नाही, ते आधीच्या पानावर राहिलं. महिना, साल नाही, ते कात्रीनं गेलं.

मी भाचीला फोन केला. "अगं, बाकीचा अंक कुठाय?"

"रद्दीत दिला की, आत्या. त्यात नुसतं लिहिलेलंच होतं."

नुसतं लिहिलेलंच! मैत्रिणींनो, माझं भांडण या दोन शब्दांशी आहे.

आधी जे खरं आहे ते मान्य करते. जाहिरात जमवणं हा काही रिकामटेकडा उद्योग नाही. आपल्या आज्या-पणज्या काय विकत घेत होत्या, कशाला भीत होत्या, गोरेपणाची लालूच त्यांना कोणत्या शब्दांत दाखवली जात होती, हे जाहिरातीइतकं कुठे कळत नाही. गोदरेजनं वनस्पती तेलाचा साबण काढला, तेव्हा प्राण्याच्या चरबीचा साबण अंगाला न लावणाऱ्या जैन घरांना ती केवढी सोय झाली असेल! लक्सच्या जाहिरातीत आलेली पहिली भारतीय नटी म्हणून जिचं नाव घेतात ती लीला चिटणीस, १९४१ सालची, आपल्या शेजारच्या धारवाडात जन्मलेली. हा सगळा बायकांचा इतिहास आहे. आणि वाचनालयांनीही पाप केलेलं आहे. वर्षाचे अंक एकत्र बांधताना बाइंडर मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून फेकत असत. तेव्हा ज्यांनी ती पानं जपली, त्यांचे आपल्यावर उपकारच आहेत.

पण बाइंडरनं लेख ठेवून जाहिरात फेकली, आणि आपण जाहिरात ठेवून लेख फेकतो. यात सुधारणा कुठे झाली?

मासिकाचं एक पान म्हणजे दोन बाजू. पिन मारलेल्या अंकात तर एक अखंड कागद मधे दुमडून दोन पानं होतात. एक फाडलं की त्याचं जोडीदार पान दुसरीकडे सुटतं. म्हणजे एका तेलाच्या बाटलीसाठी दोन-तीन लेख लंगडे होतात. शिवाय जाहिरातही मुकी होते. हुंड्याविरुद्धच्या लेखाच्या समोरच्याच पानावर लग्नाच्या दागिन्यांची जाहिरात असेल, तर त्या दोन पानांत काय झगडा चालला होता ते पुरा अंक उघडल्यावरच दिसतं. भिंतीवर नुसते दागिने उरतात.

आपल्या बेळगावकरांनी तर हे आधी ओळखायला हवं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलचं दुकान काढलं ते इथे, १८८८ साली. पुढे लोखंडी नांगर आले आणि १९१० मध्ये कारखाना किर्लोस्करवाडीला गेला. तिथून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघालं ते कारखान्याची आणि मालाची खबर द्यायला. त्याचंच पुढे मोठं मासिक झालं. १९३० मध्ये 'स्त्री' आलं, १९३४ मध्ये 'मनोहर'. म्हणजे नांगराची जाहिरात आणि बाईचं लिखाण एकाच घरात वाढलेली भावंडं. त्यांना कात्रीनं वेगळं करणारे आपण कोण?

आता आपल्याच धर्माचं बोलते. कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्यांचं काय झालं, ठाऊक आहे ना? सोन्याच्या वर्खाची, निळ्या-लाल रंगांची ती चित्रं. व्यापाऱ्यांनी पोथ्या सोडल्या आणि पानं सुटी सुटी विकली. आज एकाच पोथीची पानं देशोदेशींच्या संग्रहालयांत विखुरलेली आहेत. त्रिशलामातेची स्वप्नं एका देशात, महावीरांचा केशलोच दुसऱ्या. हे वाचलं की आपल्याला हळहळ वाटते. मग आपण स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्टीलची पट्टी धरून ब्लेड ओढतो, ते काय वेगळं आहे?

"आत्या, पोथी कुठे, मासिक कुठे!" असं भाची म्हणालीच. बरोबर आहे, मासिक म्हणजे जिनवाणी नव्हे. पण आपण श्रुतपंचमीला, ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, पोथ्या काढतो, पुसतो, नवं वेष्टन घालतो, ते कशाची सवय लागावी म्हणून? पुस्तक पायाला लागलं तर हात जोडतो, ते कशासाठी? ज्या बाईला लिहायला शिकायची चोरी होती, तिनं लिहिलेलं पान रद्दीच्या काट्यावर घालताना हात थोडा थांबायला नको?

मूडबिद्रीच्या ताडपत्रांचीही आठवण ठेवा. षट्खंडागमाच्या टीका तिथे बंदिस्त होत्या, दर्शनाला जात, वाचायला मिळत नसत. सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी यांच्यासारख्या माणसांनी वर्षानुवर्षं खटपट केली ती कशाची? पान उचलून आणायची नव्हे, नक्कल करून घ्यायची. त्या नकलांवरून हिरालाल जैन यांनी संपादन करून १९३९ मध्ये पहिला भाग अमरावतीहून काढला. ग्रंथ घरोघर पोचला आणि मूळ जागच्या जागी राहिलं. त्यांना बोरूनं वर्षं लागली, आपल्याला मशिनवर मिनिट लागतं. अंक न दुखवता पान स्कॅन करा, छान कागदावर छापा, विका. कोणी अडवलंय?

यावर उत्तर येतं की गिऱ्हाइकाला अस्सल हवं असतं. हवं असतं, हे खरं. आणि म्हणूनच नवी प्रत चहाच्या पाण्यात बुडवून, उन्हात वाळवून 'जुनी' म्हणून खपवणारेही निघालेत. आपल्या शास्त्रात त्याला नाव आहे, प्रतिरूपक व्यवहार. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत तो मोजलेला आहे, खोट्या मापाच्या शेजारी. प्रत विकणं म्हणजे चोरी नव्हे. तिला अस्सल म्हणणं म्हणजे चोरी. पाठीवर 'प्रत' असं छापा आणि उजळ माथ्यानं पैसे घ्या.

दुसरं उत्तर जास्त बोचरं आहे. "घरबसल्या बाईला चार पैसे मिळतात ते तुम्हाला बघवत नाहीत." अगं, मी व्यापाऱ्याच्या घरची लेक आणि व्यापाऱ्याच्याच घरची सून. पैशाला मी कशाला नावं ठेवू? पण ज्या बाईनं घरच्यांचा राग पत्करून स्वतःच्या पायावर उभं राहायची गोष्ट लिहिली, तिचंच पान फाडून आपण स्वावलंबी होणार, याची लाज तर वाटू द्या.

तिसरं, "नाहीतरी रद्दीतच जाणार होतं." मग रद्दीवाल्याकडून सोडवून आणलंत तेव्हा तुम्ही त्याच्यापेक्षा शहाण्या ठरलात. पुन्हा त्याच्याकडेच का पाठवता?

मी छंद सोडा म्हणत नाही. एवढंच मागते. अखंड अंकाला ब्लेड लावू नका. आधीच सुटलेलं, फाटलेलं पान असेल तर खुशाल फ्रेम करा, पण आधी उलटून वाचा, आणि मासिकाचं नाव, महिना, साल कळत असेल तर मागे हलक्या पेन्सिलीनं लिहा. चिकटपट्टी लावू नका, ती तपकिरी होऊन कागद खाते. लॅमिनेशनही नको, ते पुन्हा निघत नाही. विकताना पुरा अंक विका. त्यालाही घेणारे आहेत, आणि नसले तर वाचनालयाला नाहीतर बसदीच्या ग्रंथभांडाराला विचारा. माळ्यावरच्या आजीच्या पेटीत 'प्रगति आणि जिनविजय'चे जुने अंक असतील तर आधी ते बघा. त्यात चकचकीत जाहिराती नाहीत, म्हणून ते सगळ्यात आधी रद्दीत जातात. आपल्या समाजातल्या बायांची नावं मात्र तिथेच सापडतील.

भाची चार दिवस रुसली. मग एक दिवस आली आणि विकायला काढलेले दोन अंक पुरेच्या पुरे माझ्याकडे ठेवून गेली. "तू वाच, मग बघू," म्हणाली.

तेलाच्या बाटलीचं ते पान मी फ्रेमीतून काढून पाकिटात ठेवलंय. चार घरच्या पेट्या उघडून झाल्या, वाचनालयातल्या जुन्या फायली चाळून झाल्या. मामंजींनी त्या बाईला बोलावून काय सांगितलं, ते मला अजून कळलेलं नाही.