कागदाची जागली

दिवाळीच्या दिवसांत आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या कोणत्याही बऱ्यापैकी घरात जा. ताटात चकली, करंजी असते, आणि करंजीबरोबर परदेशाची गोष्ट वाढली जाते. पूर्वी खामगावच्या बाजारात कापसाला काय भाव फुटला हे विचारीत. आता विचारतात, ‘तुमच्या पोराचं कार्ड झालं का?’ शेगावला 1983 साली अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, पुढे संगणकाचे युग आले, आणि मलकापूरच्या फलाटावरून मुंबईची गाडी धरणारी पोरे विमानतळावर उतरून पुढे टोरांटो, डलास आणि दुबई धरू लागली. याचे मला वाईट वाटत नाही. पाऊस आणि भाव ही दोन्ही दैवते रुसलेल्या मुलखातून माणसे बाहेर पडणारच. माझे भांडण निराळे आहे, आणि ते सणाच्या दिवशी मांडल्याबद्दल वाचकांनी मला क्षमा करावी.

आमच्याकडे ज्वारी निसवली की रात्री जागलीला जातात. मळ्यात माळा घालतात, हातात गोफण आणि उशाशी कंदील घेऊन माणूस पिकाची राखण करतो. रानडुकरे येऊ नयेत म्हणून एकाने झोप मोडायची आणि घरच्यांनी निर्धास्त घोरायचे, अशी ती व्यवस्था. आता या जागलीची एक नवी तऱ्हा निघाली आहे. नवरा एका देशात पगार मिळवतो, बायको दुसऱ्या देशात लेकरे घेऊन राहते, आणि तिचे तिथले मुख्य काम काय, तर कायम वास्तव्याचे कार्ड राखणे! पीक सगळ्या घराचे. माळ्यावर मात्र एकटी सून.

ही गोष्ट मला ऐकून ठाऊक नाही. माझ्या भाचीची आहे. मेहकरची मुलगी, खामगावला दिलेली. दोघे नवराबायको कायम वास्तव्याचा परवाना घेऊनच कॅनडात उतरली. दोन वर्षे तिथे काढली. पण जावयाला आपल्या विद्येचे काम मिळेना. पुलांची गणिते करणारा माणूस गोदामात खोकी मोजीत होता. शेवटी दुबईहून त्याच्या धंद्यातली नोकरी आली आणि तो गेला. भाचीनेही जावे, असे तिच्या मनात होते. परंतु दुबईतला वास्तव्याचा परवाना सहसा नोकरीला बांधलेला. नोकरी तुटली की तोही सुटतो. तेव्हा खामगावच्या घरात बैठक बसली आणि तिचे सासरे म्हणाले, ‘सूनबाई तिकडंच राहू द्या. एकाचं तरी कार्ड टिकलं पाहिजे. लेकराईचं भलं हाय त्यात.’ त्या बैठकीला मी हजर होतो. मान डोलावणाऱ्यांत मीही होतो. भाचीला मात्र त्या दिवशी फोन लावला नव्हता. निर्णय झाल्यावर कळवला.

पुढे माझे मेहुणे, म्हणजे तिचे वडील, आजारी पडले. संभाजीनगरच्या एका रुग्णालयात त्यांना हलवले. भाचीने विचारले, ‘मामा, येऊ का?’ तेव्हा तिचे तिथले नऊशे सत्तर दिवस भरले होते. नागरिकत्वाच्या अर्जाला एक हजार पंचाण्णव लागतात. आम्ही सगळ्यांनी एका सुरात सांगितले, ‘आता थोडक्यासाठी घालवू नको. सव्वाशे दिवस तर राहिले.’ ती थांबली. मेहुणे महिन्याभराने गेले. ती तेराव्याला पोहोचली, बारा दिवस राहिली, परत गेली.

आणि आता जे सांगतो, ते मला त्यानंतर कळले, ही माझी लाज आहे. कॅनडाच्या कायद्यात दोन हिशेब वेगळे आहेत. कार्ड टिकवायचे तर पाच वर्षांत सातशे तीस दिवस तिथे असावे लागते. ते तिचे केव्हाच भरले होते. कार्डाला काडीचाही धोका नव्हता. नागरिकत्वासाठी अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत एक हजार पंचाण्णव दिवस हवेत. ती उतरून पुरती तीन वर्षेही झाली नव्हती, म्हणजे मागचा एकही दिवस हिशेबातून गळणार नव्हता. महिनाभर बापाजवळ येऊन बसली असती तर काय झाले असते? अर्ज महिनाभर उशिरा गेला असता. एवढेच! आम्ही तिला जे वाचवायला सांगितले ते बुडणारच नव्हते; आणि जे बुडाले ते कोणत्या खात्यावर लिहायचे?

भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस, पीक, राजा सगळ्यांचे भाकीत सांगतात. त्याला हसणारे सुशिक्षित लोक आमच्याकडे पुष्कळ आहेत. पण हेच सुशिक्षित परदेशच्या कायद्याविषयी जी भाकिते चहाच्या कपावर करतात, ती ऐकली म्हणजे घटमांडणी फार शास्त्रीय वाटू लागते. कोणी म्हणतो, सहा महिन्यांतून एकदा जाऊन हजेरी लावली की अमेरिकेचे कार्ड टिकते. साफ खोटे. घर, नोकरी, संसार सगळे बाहेर थाटून नुसता शिक्का मारून घेणाऱ्याला, तू इथले वास्तव्य सोडले आहेस, असे तिथला अधिकारी म्हणू शकतो. दुसरा म्हणतो, परत येण्याचा दोन वर्षांचा परवाना काढून ठेवला की सारे सुरक्षित. तो परवाना कार्ड सांभाळायला मदत करतो. नागरिकत्वाचे दिवस भरून देत नाही. सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिले की वास्तव्याची सलगता तुटली असे धरून चालतात आणि उलटा पुरावा आपण द्यायचा असतो. वर्ष लोटले की ती सामान्यतः तुटलीच. शिवाय सर्वसाधारण माणसाला पाच वर्षांपैकी निदान तीस महिने प्रत्यक्ष त्या मातीवर उभे राहावे लागते.

बरे, नवऱ्याच्या नोकरीपायी बायको बाहेर गेली तर कायदा काही दया दाखवतो काय? दाखवतो, पण कोणाला, ते पाहा. नवरा अमेरिकेचा नागरिक असेल आणि तिथल्या सरकारने किंवा विशिष्ट अमेरिकन कंपनीने त्याला परदेशी नेमले असेल, तर कार्डधारक बायकोला दिवस न भरताही अर्ज करता येतो. कॅनडात नागरिक जोडीदाराच्या सोबतीने बाहेर काढलेले दिवस कार्डासाठी धरतात. म्हणजे जो आधीच आत पोहोचला त्याच्या बायकोला सवलत. दोघेही उंबऱ्यावर उभे असतील तर त्यांनी एकमेकांपासून दूर उभे राहावे! लग्न एक, संसार एक, पण दिवस मोजायची वेळ आली की दोन स्वतंत्र देह.

याहून वाईट काळ होता, हे मला ठाऊक आहे. 1907 च्या अमेरिकन कायद्याने परक्याशी लग्न करणाऱ्या अमेरिकन बाईचे नागरिकत्वच जात असे. 1922 साली तो जाच कमी झाला; पण नवरा नागरिकत्वाला अपात्र असेल तर तो तसाच राहिला. आणि 1923 साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस अपात्र ठरवला. परिणाम असा की हिंदी माणसाच्या गळ्यात माळ घालणारी अमेरिकन बाई 1931 पर्यंत आपल्याच देशात परकी होई. आपणही फार मिरवू नये. 1955 च्या आपल्या नागरिकत्व कायद्यात परदेशी जन्मलेल्या मुलाचे वंशाने मिळणारे नागरिकत्व बापाकडून येई; आई हिंदी असून चालत नसे. ती चूक 1992 साली दुरुस्त झाली. तेव्हा बायकोला नवऱ्याची सावली समजत. आता तिला दिवसांची पेटी समजतात.

मला राहून राहून आनंदीबाई जोशी आठवतात. 1883 साली नवरा हिंदुस्थानात टपालखात्याच्या नोकरीत आणि बायको एकटी आगबोटीवर. पण ती गेली होती डॉक्टर व्हायला, आणि 1886 साली झालीही. तिच्या एकटेपणाला काम होते. माझी भाची तिथल्या गोठलेल्या खिडकीपाशी बसून कॅलेंडरवर फुल्या मारीत होती. तिची वाणिज्याची पदवी कपाटात. कारण दोन लहान लेकरे आणि घरात दुसरे कोणी नाही.

इथे काही देशाभिमानी गृहस्थ खुशीत येतील. ‘आम्ही म्हणतच होतो, परदेशाचा मोहच वाईट!’ त्यांना माझा नमस्कार, पण त्यांच्या पंगतीत मी बसणार नाही. कार्ड घेणारा माणूस परका होत नाही. तो भारताचाच नागरिक राहतो, आणि 2010 च्या दुरुस्तीनंतर परदेशी राहूनही त्याचे नाव आपल्या गावच्या मतदारयादीत राहू शकते, फक्त मत द्यायला इथे यावे लागते. परदेशाचे नागरिकत्व आपण होऊन घेतले म्हणजे मात्र इथले संपते; तसे आपल्या राज्यघटनेच्या नवव्या अनुच्छेदात आणि 1955 च्या कायद्यात आहे. नंतर मिळते ते ‘ओसीआय’ कार्ड. त्यावर येता येते, राहता येते. मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. आईबापाच्या घरी पाहुणीसारखे येण्याचा तो परवाना आहे. एवढी किंमत मोजून कोणी ते घेत असेल तर तो त्याचा हिशेब. माझे म्हणणे एवढेच, की तो हिशेब जिचे दिवस जातात तिने करावा. खामगावच्या ओसरीवर बसलेल्या आम्ही पाच म्हाताऱ्यांनी नव्हे.

‘मग काय, कार्ड फेकून नवऱ्यामागे जायचे?’ असे मला परवा सासरेबुवांनी विचारले. मी तसे म्हणत नाही. एखादी बाई खुशीने थांबेल. तिला तो देश आवडेल, तिला तिथे काम मिळेल, कदाचित तिला सासूपासूनचे अंतरही आवडेल! एखादा नवराच मागे राहून दिवस भरील आणि बायको पगार आणील. कायद्यात दोघांचे दिवस सारखेच मोजतात. पण आमच्या बैठकीत हा दुसरा मार्ग कोणाच्या डोक्यात आला नाही. भाचीला आधी तिथे बरी नोकरी लागत होती, हेही कोणी आठवले नाही. ती आपली राखणदार.

या राखणीची मजुरी काय मिळाली तेही ऐका. भाचीला कॅनडाचे नागरिकत्व मिळाले. पेढे खामगावात वाटले गेले. आणि त्याच महिन्यात मेहकरला माझ्या भाच्याने हक्कसोडपत्राचा मसुदा टंकून आणला. मेहुण्यांच्या नावावर काळी जमीन आहे, दहा-अकरा एकर. म्हणाला, ‘मामा, ताई आता परदेशी झाली. सातबाऱ्यावर तिचं नाव लागत नाही. सही घेऊन टाकू.’ कोणी सांगितले तुला? विकत घ्यायला बंदी आहे, बाबा. वारसाने येणाऱ्या जमिनीला नाही. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा हिस्सा महाराष्ट्राने 1994 साली आणि देशाने 2005 साली दिला, तो पारपत्राचा रंग पाहून दिलेला नाही. बाप गेला तेव्हा ‘तू तिकडचीच हो’ म्हणून तिला अडवून धरले. झाली, तेव्हा ‘तू इकडची नाहीस’ म्हणून कागद पुढे केला!

मी हे बोललो, तर भाचा चिडला. म्हणाला, ‘तुम्हीच तर तिला थांब म्हणालात.’ त्याचे खरे आहे.

भाची यंदा दिवाळीला येते आहे. तिकीट तिने स्वतःच काढले, कोणाला विचारले नाही. दुबईहून जावईही दोन दिवस आधी पोहोचतो आहे. हक्कसोडपत्र अजून भाच्याच्या कपाटात आहे, फाडलेले नाही. भाऊबीजेला ती त्याला ओवाळील. ताटात तो काय टाकतो हे पाहायला मी चिखलीहून सकाळच्या पहिल्या एसटीने मेहकरला जाणार आहे.