बिबट सफारी बारामतीत आली नाही, हे बरंच झालं

मंडळी, पोस्ट मोठी आहे. शिव्या घालायच्या असतील तर जरूर घाला, पण पूर्ण वाचून.

आपल्या भागात एक तक्रार अजूनही ऐकू येते. "बारामतीची बिबट सफारी जुन्नरनं पळवली." ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. 2022 च्या सुरुवातीला बारामती तालुक्यातल्या गाडीखेलला बिबट सफारी करायची, असा प्रस्ताव पुढं आला. साठ कोटींचा आकडा बातम्यांमधून फिरला. जुन्नरकर खवळले. बिबट्या आमच्या उसात, माणसं आमची मरतात आणि सफारी बारामतीला? त्यांचा राग रास्त होता. पुढं त्या मार्चच्या अर्थसंकल्पात जुन्नरच्या सफारीची घोषणा झाली आणि ओतूरजवळच्या आंबेगव्हाणचं नाव पक्कं धरलं गेलं. आपल्याकडच्या बऱ्याच जणांना तेव्हापासून वाटतंय की तोंडातला घास गेला.

माझं मत सरळ आहे. घास गेला नाही, घशात अडकायचा तो हाडाचा तुकडा वाचला.

हे पटवायला मी आज जरा वेगळ्या वाटेनं जाणार आहे. खेळाच्या. हसू नका.

आपल्या पिढीनं सुट्टीत 'व्यापार' खेळलाय. फासा टाकायचा, शहर विकत घ्यायचं, वर घर बांधायचं, मग हॉटेल बांधायचं आणि जो कुणी तिथं येऊन पडेल त्याच्याकडून भाडं उकळायचं. जागा कसली आहे, तिथं आधी कोण राहतं, याच्याशी खेळाला देणंघेणं नाही. आपल्याकडच्या विकासाच्या घोषणा बघितल्या की वाटतं, सगळ्यांनी लहानपणी एवढा एकच खेळ खेळलाय.

आता दुसरा खेळ. 'आर्क नोव्हा' नावाचा एक पटावरचा खेळ आहे. मॅथियास विगे या माणसानं बनवलेला, 2021 साली बाजारात आला, जगभर गाजला. विषय काय, तर प्राणीसंग्रहालय बांधून चालवायचं. 255 पत्ते, पिंजरे, तिकिटं, देणगीदार, सगळं आहे. एक डाव दोन-अडीच तास सहज चालतो. पण खरी गंमत त्याच्या गुणांच्या हिशोबात आहे. प्रत्येक खेळाडूच्या दोन सोंगट्या असतात. एक सोंगटी लोकांच्या आकर्षणाची, म्हणजे गर्दी आणि तिकिटाची. दुसरी संवर्धनाची. दोन्ही एकाच वाटेच्या दोन टोकांना उभ्या असतात आणि एकमेकींकडं चालत येतात. कुणाच्या तरी दोन सोंगट्या एकमेकींना ओलांडून गेल्या की डाव संपायला येतो. तुम्ही नुसती गर्दी जमवली आणि संवर्धनाची सोंगटी हललीच नाही, तर शेवटी तुमचे गुण शून्याच्या खालीसुद्धा जाऊ शकतात. आणि संवर्धनाचं एक घर हे गर्दीच्या दोन-तीन घरांच्या तोलाचं धरलंय.

आणखी एक. त्या खेळात असे प्रकल्प आहेत की तुम्ही पाळलेला प्राणी रानात सोडून द्यायचा. सोडला की आकर्षण घटतं, संवर्धन वाढतं. म्हणजे प्राणी गेला म्हणून गुण मिळतात! आपल्याकडं असा निकष एखाद्या उद्घाटनाच्या भाषणात कधी ऐकलाय? आपल्याकडं किती कोटी, किती हेक्टर, किती पर्यटक आणि किती रोजगार, एवढंच मोजतात. दुसरी सोंगटी पटावर ठेवतच नाहीत.

उदाहरणं लांबची नकोत. मुंबईच्या राणीच्या बागेत 2016 मध्ये आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले. त्यातला एक काही महिन्यांत मेला. पुढच्या वर्षी बागेचं तिकीट 5 रुपयांवरून 50 वर गेलं आणि गर्दीही झाली. आता त्या गर्दीनं दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या पेंग्विनचं काय भलं झालं आणि मुंबईच्या माणसाला आपल्या खाडीतल्या कुठल्या पक्ष्याची ओळख झाली? गर्दीची सोंगटी धावत सुटली, दुसरी जागची हलली नाही.

कात्रज बघा. 2025 च्या जुलैमध्ये तिथं पंधराहून जास्त चितळं काही दिवसांत मेली. कारण निघालं लाळ्या-खुरकत. आपल्या गोठ्यातला रोग! आपल्याकडच्या गवळ्यालाही कळतं की एका दावणीला जास्त जनावरं बांधली आणि रोग शिरला तर काय होतं. पुणे महापालिकेसारख्या संस्थेच्या संग्रहालयात असं होऊ शकतं, तर गाडीखेलच्या माळावर पाच-दहा वर्षांनी, उद्घाटनाचे फ्लेक्स फाटल्यावर, पशुवैद्य रोज येणार होता का? पिंजऱ्यातला बिबट्या पंधरा-वीस वर्षं जगतो. त्याला रोज मांस लागतं. फीत कापायला एक दिवस लागतो, खाऊ घालायला वीस वर्षं.

"अहो पण जुन्नरला पकडलेले बिबटे पडूनच आहेत, त्यांना मोकळी जागा मिळाली असती." हा मुद्दा खरा आहे आणि त्याला उत्तर द्यायलाच पाहिजे. 'झूलोरेटो' म्हणून अजून एक खेळ आहे, मिशाएल शाख्टचा. 2007 साली त्याला जर्मनीचा वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार मिळाला. त्यात कुंपणात न मावणारे प्राणी मागच्या कोठारात ठेवावे लागतात आणि शेवटी कोठारातल्या प्रत्येक जातीमागं दोन गुण कापतात. आपलं कोठार म्हणजे माणिकडोह. उसात पकडलेले, जखमी, पुन्हा सोडता न येणारे बिबटे तिथं आहेत आणि जागा कायम अपुरी. त्यांच्यासाठी मोठं आवार हवंच. पण ते जिथं बिबट्या आहे, जिथली माणसं त्याच्याबरोबर जगायची किंमत मोजताहेत आणि जिथं त्याला हाताळणारी माणसं तयार आहेत, तिथं हवं. म्हणजे जुन्नरला. गाडी करून बारामतीला आणलं तर तो प्रश्न सुटत नाही, त्याचं प्रदर्शन होतं. बिबट्या आता दौंड, इंदापूर, बारामतीच्या उसातही येतोय हे मान्य. पण उसातल्या बिबट्यावर उपाय म्हणून माळावर पिंजरा बांधायचा, हे मला तरी झेपत नाही.

आता खेळाला जरा बाजूला ठेवू, कारण त्यातही एक मोठी खोट आहे. अशा सगळ्या खेळांत पट सुरुवातीला रिकामा असतो. एखादं तळं, चार खडक, बाकी मोकळी जमीन. तिथं मेंढपाळ नाही, गावकरी नाही, आधीपासून राहणारा प्राणी नाही. खेळात हे चालून जातं. पण आपल्या योजनाही नेमक्या असाच रिकामा पट समोर घेऊन बसतात. माळ दिसला की शिक्का तयार : पडीक.

शिर्सुफळ-गाडीखेलचा माळ पडीक आहे? इंदापूरची कडबनवाडी पडीक आहे? त्या "पडीक" माळावर चिंकारा आहे. लांडगा आहे. दोघंही वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच यांना. खोकड आहे, तरस आहे, धाविक आहे. हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्या पक्षी येतात, दिवसा नाकतोडे खातात आणि रात्री याच गवतात जमिनीवर झोपतात. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यासाठी 1997 मध्ये जाहीर झालं. क्षेत्रफळ 5.14 चौरस किलोमीटर. एवढंसं! बाकीचा चिंकारा आणि जवळपास सगळा लांडगा अभयारण्याच्या बाहेर, आपल्या गायरानांवर आणि वनखात्याच्या माळांवर जगतो. नकाशावर जे "मोकळं" दिसतं, ते त्याचं घर आहे.

आणि तिथं माणूसही आहे. आपले धनगर बांधव शेकडो वर्षं त्या माळावर मेंढरं चारतात. लांडगा मेंढरू उचलतो, ते शिव्या देतात, पुढं चालायला लागतात. भारतात लांडगा माळरानावर टिकला त्यात या माणसांच्या सोसण्याचा मोठा वाटा आहे. कुठल्या प्रकल्प अहवालात त्यांना जागा असते? तारेचं कुंपण पडलं की पहिला रस्ता त्यांचा बंद होतो.

माळ गेला की काय होतं ते शेजारच्या सोलापूरला विचारा. माळढोकासाठी 1979 मध्ये अभयारण्य जाहीर झालं. नान्नजची पाटी आजही आहे. पक्षी शोधावा लागतो. कोट्यवधी खर्चून काचेमागं पेंग्विन जगवता येतो, पण माळ मोडल्यावर माळढोक परत आणता येत नाही.

कायद्याचंही सांगतो, कारण "मंजुरी काय, मिळाली असती" असं म्हणणारे भेटतात. 2023 मध्ये वन संवर्धन कायदा बदलला आणि सरकारी प्राणीसंग्रहालय किंवा सफारी ही जंगलाच्या जमिनीवर वनेतर काम धरायची नाही, अशी सवलत दिली. म्हणजे आधी जंगलात पिंजरा बांधायला जी परवानगी लागायची, तिचं दार सरकारनं सरकारसाठी उघडं केलं. 19 फेब्रुवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं अंतरिम आदेश देऊन सांगितलं की वनजमिनीवर प्राणीसंग्रहालय किंवा सफारी करायची तर आधी आमची परवानगी घ्या. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला यात लक्ष घालावं लागलं, यावरून समजा हा 'व्यापार' किती जोरात चाललाय.

मग बारामती-इंदापूरनं काहीच मागायचं नाही का? मागायचं की. पण आपल्याकडं जे आहे ते.

भिगवणकडं बघा. उजनीच्या पाण्यात रोहित येतात, भादलवाडीच्या तलावावर चित्रबलाक घरटी करतात. तिथं पिंजरा नाही, काच नाही. कुंभारगाव, डिकसळचे मच्छीमार आपली होडी वल्हवत पाहुण्यांना पक्षी दाखवतात आणि चार पैसे कमावतात. पक्षी स्वतः येतो, स्वतः खातो, स्वतः जातो. त्याला सांभाळायला टेंडर लागत नाही. वनखात्यानं कडबनवाडी आणि शिर्सुफळला गवताळ सफारी सुरू केली तीही याच धर्तीवर. गावातली पोरं वाटाडे आहेत. ज्या पट्ट्यात बाहेरचा बिबट्या कोंडून दाखवायचा होता, तिथंच आज घरचा लांडगा मोकळा बघता येतो. हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? आपण मात्र गेलेल्या सफारीचं सुतक धरून बसलोय.

माझ्या मागण्या चार आहेत. ग्रामसभेत मांडा, आवडल्या नाहीत तर खोडून काढा.

1. माळाला "पडीक" म्हणणं बंद करा. माळावर खड्डे खणून गिरिपुष्प, सुबाभूळ लावणं हे वृक्षारोपण नाही, ते माळ मोडणं आहे. माळाचं झाड म्हणजे गवतच.

2. माळाच्या कडेच्या गावांत कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करा. मेलेल्या कोंबड्या माळावर फेकणाऱ्या पोल्ट्रीवाल्यांना दंड करा. त्या कोंबड्यांवर कुत्र्यांच्या टोळ्या पोसल्या जातात, त्या चिंकारा फाडतात, रोग पसरवतात आणि लांडग्यांशी संकरही होतो.

3. लांडग्यानं मेंढरू मारलं तर पंचनामा आणि पैसे वेळेत द्या. धनगर फिरता असतो. त्याला तीन चकरा मारायला लावल्या की तो भरपाई सोडून देतो आणि लांडग्यावरचा राग तेवढा शिल्लक राहतो.

4. यापुढं आपल्या तालुक्यात सफारीचा कुठलाही प्रस्ताव आला तर तो मराठीत ग्रामसभेसमोर ठेवा. बांधकामाचा खर्च पहिल्या पानावर असतोच. वीस वर्षांचा खाण्याचा, औषधाचा आणि माणसांच्या पगाराचा खर्चही त्याच पानावर हवा. आणि त्याच्याखाली एकच ओळ लिहा : यानं रानातला कुठला प्राणी वाढणार आहे?

त्या शेवटच्या ओळीपुढं जागा कोरी राहिली, तर सही करू नका. प्रस्ताव कुठल्या पक्षाच्या नेत्यानं आणला हे बघूच नका.

ज्यांना अजूनही वाटतं की बारामतीचं नुकसान झालं, त्यांनी कमेंटमध्ये एवढंच लिहावं, शिर्सुफळच्या माळावर शेवटचं कधी गेला होता. "कधीच नाही" हेही उत्तर चालेल. पण मग नुकसान कशाचं झालं ते तुम्हाला ठरवता येणार नाही. आधी जाऊन या, मग भांडू.