धूळ हजेरीपट पाहत नाही

१/ कन्नडहून चाळीसगावकडे उतरणारा औट्रम घाट अवजड वाहनांनी पिढ्यान्‌पिढ्या ब्रेकच्या भरवशावर पार केला. त्या काळी ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस सर्रास वापरत. हे लायनिंग जिथे तयार होई, तिथल्या धुळीचा हा इतिहास.

२/ १९५६ साली मुंबईत घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडो हा कारखाना आला. पाठीशी ब्रिटनची टर्नर अँड न्यूऑल. याच समूहाच्या रॉचडेलमधील गिरणीत राबलेली नेली केरशॉ १९२४ मध्ये वारली होती, डॉ. कूक यांनी तिच्या फुप्फुसांतील खनिजकणांचे वर्णन त्याच वर्षी छापले. १९३१ पासून ब्रिटनमध्ये या धुळीवर कायदेशीर निर्बंध होते. घाटकोपरच्या वेळी अज्ञानाची सबब उरली नव्हती.

३/ आजही ठरलेले उत्तर मिळते : "धोका असलाच तर कामगारांना. शेजाऱ्यांचा पुरावा कुठे आहे?"

४/ पुरावा १९६० पासून आहे. दक्षिण आफ्रिकेत वॅगनर व सहकाऱ्यांनी मेसोथेलिओमा या कर्करोगाचे ३३ रुग्ण नोंदवले. त्यांतील अनेकांनी खाणीत पाऊलही ठेवले नव्हते, ते खाणींच्या परिसरात राहिले होते. १९६५ मध्ये लंडनला न्यूहाउस आणि थॉम्पसन यांनी रुग्णांचे जुने पत्ते तपासले. स्वतः ॲस्बेस्टॉसचे काम न केलेले, घरातही तसा कामगार नसलेले ३६ जण निघाले. त्यांपैकी ११ जण कारखान्यापासून अर्ध्या मैलाच्या आत राहिलेले होते. (घाटकोपरमध्ये अर्ध्या मैलात किती चाळी मावतात, याचा अंदाज वाचकांनीच करावा.)

५/ आपल्याकडे काय झाले? घाटकोपरच्या कामगारांची तपासणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. जवळपास पाव जणांना ॲस्बेस्टॉसिस होता. १९९५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल महत्त्वाचाच. कामगारांच्या आरोग्यनोंदी ४० वर्षे जपा, असे त्याने बजावले. पण कामगारांच्याच.

६/ २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे कलम ८९ पाहावे. ॲस्बेस्टॉसिस वा सिलिकोसिस आढळल्यास डॉक्टरने कळवायचे असे, परंतु रुग्ण कारखान्यात नोकरीला असेल किंवा पूर्वी असेल तरच. भोपाळनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने परिसरातील जनतेला धोक्याची माहिती देणे बंधनकारक केले. तिच्या आजाराची मोजणी मात्र नाही.

७/ आधी नोंदच घ्यायची नाही आणि मग नोंद नाही म्हणून पुरावा नाही म्हणायचे, ही लबाडी आहे. मेसोथेलिओमा बहुधा वीस ते चाळीस वर्षांनी उघड होतो. तोवर कारखाना बंद होतो, भाडेकरू गाव बदलतो. गावोगावच्या खडी क्रशरांभोवतीच्या वस्त्यांनाही कायद्याची हीच फट लागू पडते. लंडनच्या त्या दोघांनी काही दुर्मीळ यंत्र वापरले नव्हते. तीस वर्षांपूर्वी आपण कुठे राहत होता, एवढेच त्यांनी विचारले.