आधी कल्हई, मग जोड

या पावसाळ्यात कळव्यातल्या एका शाळेत मुलांनी बनवलेला लाइन फॉलोअर रोबो पाहिला. टेबलावर सगळे सेन्सर चोख चालत होते, पण जमिनीवर सोडला की दुसऱ्या वळणाला रोबो पट्टी सोडायचा. मुलांनी तीनदा प्रोग्रॅम बदलला. शेवटी सेन्सर बोर्डाची ग्राउंडची वायर बोटाने हलवली आणि दोष सापडला. सोल्डरचा गोळा वरून फुगलेला होता, पण खालच्या पॅडला त्याने धरलेच नव्हते.

ग्राउंडचाच जोड कच्चा राहावा, यात नवल नाही. ते पॅड तांब्याच्या रुंद पट्ट्याला जोडलेले असते आणि तो पट्टा उष्णता ओढून घेतो. तिथे रुंद टोकाची बिट हवी, आणि वेळही थोडा जास्त द्यायला हवा.

आपले कल्हईवाले हे पिढ्यान् पिढ्या जाणत आले. आधी भांडे तापवायचे, नवसागराने पृष्ठभाग स्वच्छ करायचा, मग भांड्याच्याच उष्णतेवर कथील वितळवून पसरवायचे. सोल्डरिंगचा नियम हाच आहे. 63 टक्के कथील आणि 37 टक्के शिसे असलेले सोल्डर 183 अंश सेल्सिअसला वितळते. शिसेविरहित सोल्डरला साधारण 217 अंश लागतात. ही उष्णता पॅड आणि वायर दोघांना मिळाली पाहिजे. नुसत्या बिटवर वितळवलेले सोल्डर थापून जोड होत नाही. नवसागराचे काम इथे सोल्डरच्या तारेतली राळ करते. आम्लाची पेस्ट मात्र बोर्डावर नकोच. तिचा अंश खाडीकाठच्या दमट हवेत ओल धरतो आणि तांबे खातो.

दुसरी चूक कच्च्या जोडाच्या उलट असते. वायरच्या तारांत सोल्डर इन्सुलेशनखालपर्यंत चढू दिले, तर तेवढा भाग ताठ होतो. रोबो धावताना वायर हलते आणि ताठ भाग जिथे संपतो तिथेच ती तुटते. म्हणून तारांवरची सोल्डरची कल्हई इन्सुलेशनच्या थोडी अलीकडेच थांबवा आणि वायर केबल टायने बोर्डाला बांधा. ओढ टायने सोसावी, जोडाने नव्हे.

काही जोडांना तर सोल्डर नकोच. कळव्यात सीमेन्सच्या कारखान्यात स्विचगिअर बनते. असे स्विचगिअर पॅनेलमध्ये बसवणारा वायरमन स्क्रूखाली सोल्डर लावलेली वायर देत नाही, तो लग किंवा फेरूल दाबून बसवतो. दाबाखाली सोल्डर हळूहळू सरकते आणि स्क्रू सैल पडतो. आपल्या मोटर ड्रायव्हरच्या स्क्रू टर्मिनललाही हेच लागू आहे.

रोबोटिक्स शिकवणाऱ्या मित्रांनो, तयार जोडलेले मॉड्यूल मुलांच्या हाती दिल्याने त्यांचा वेळ वाचतो, पण हात तयार होत नाही. प्रात्यक्षिकात जोडालाही गुण ठेवा. प्रत्येक जोड भिंगातून पाहायला, हलके ओढून बघायला आणि वायर हलवत मल्टिमीटरने तपासायला लावा. काम संपल्यावर हात धुण्याची सवय लावा. आणि पुढच्या सत्राचा पहिला तास प्रोग्रॅमचा न घेता जोडाचा घ्या.