खेळाचा बुडखा कुणाच्या रानात?



उसाचा भाव, तोडणीचा कार्यक्रम आणि काट्याची पावती सोडून आम्ही या अंकात टेनिसवर लिहायला बसलो, हे पाहून काही सभासद हसतील. हसावं, आमची हरकत नाही. "टेनिस म्हंजे साहेबलोकांचा खेळ, त्याचं आपल्या येडगावात काय काम?" असं कुणी विचारलं तर तेही बरोबर आहे. तरी आमची विनंती एवढीच, की लेख शेवटपर्यंत वाचावा. खेळ परका असला तरी त्यातली गोष्ट आपल्याच घरची आहे.

टेनिस काही फक्त गवतावर आणि सिमेंटवर खेळत नाहीत, ते मातीवरही खेळतात. पॅरिसला रोलाँ गॅरो नावाचं मैदान आहे, १९२८ सालापासूनचं. जगातली मातीवरची सगळ्यात मोठी स्पर्धा तिथं होते. वरचा लाल थर म्हणजे विटांचा भुगा, तोही जेमतेम एक-दोन मिलिमीटर. त्याखाली चुनखडीचा चुरा, त्याखाली कोळशाची जळकी खर आणि तळाला खडी. आपल्याकडं मुरूम आणि लाल माती दाबून कोर्ट करायची रीत होती. दक्षिणेत तर शेणानं सारवलेल्या कोर्टांवर मोठमोठे खेळाडू तयार झाले. ज्यानं कधी खळं केलं आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको. पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, भेगा बुजवायच्या, पुन्हा सारवायचं. एक आठवडा हयगय केली की खळं उखणलंच. मातीच्या कोर्टाचंही तसंच असतं. रोज खराटा, रोज पाणी, रोज चुन्याच्या रेघा.

मातीवर चेंडू जरा थबकतो आणि उंच उसळतो. त्यामुळं एका फटक्यात गुण मिळत नाही, दमानं खेळावं लागतं. आणखी एक गोष्ट आम्हाला फार आवडली. चेंडू पडला की मातीत त्याचा ठसा उमटतो. रेघेच्या आत की बाहेर, असा वाद झाला तर पंच खुर्चीवरून उतरतो, ठसा बघतो आणि निकाल देतो. काट्यावर वजनाचा वाद असा मिटला असता तर किती बरं झालं असतं!

आता मूळ गोष्ट. आपल्या देशात १९७३ ते १९७९ या काळात 'इंडियन ओपन' नावाची एक मोठी स्पर्धा होत असे. जगभर फिरणाऱ्या ग्रां प्री मालिकेत तिचं नाव होतं. पहिल्या वर्षी ती दिल्लीला गवतावर झाली, पुढं मातीवर आली. १९७४ साली मुंबईला न्यूझीलंडच्या ऑनी पारुननं ऑस्ट्रेलियाच्या टोनी रोशला हरवलं. १९७५ साली कलकत्त्याला आपल्या विजय अमृतराजनं स्पेनच्या मानुएल ओरांतेसला हरवलं. हा ओरांतेस साधा गडी नव्हे, त्याच वर्षी तो अमेरिकेची स्पर्धा जिंकून आला होता. १९७६ ला स्पर्धा बंगलोरला गेली, १९७७ ला मुंबईला आली आणि विजयनं ती पुन्हा जिंकली. १९७८ ला पुन्हा कलकत्ता, तिथं फ्रान्सचा यानिक नोआ हा तरुण पोरगा जिंकला. पुढं १९८३ साली त्यानं पॅरिसच्या लाल मातीवर झेंडा लावला. १९७९ ला पुन्हा मुंबई, पुन्हा विजय अमृतराज. आणि तिथंच स्पर्धा संपली.

ज्या १९७७ साली मुंबईच्या मातीवर विजयनं ही स्पर्धा जिंकली, त्याच साली आपल्या येडगावचं कुकडीवरचं धरण पुरं झालं. तेही मातीचंच. धरण अजून उभं आहे. त्याच्या डाव्या कालव्याचं पाणी पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जातं. मुंबईची स्पर्धा मात्र कुठं गेली, हे आज कुणाला आठवतही नाही. दोन्ही गोष्टी मातीच्याच. मग एक टिकली आणि दुसरी का वाहून गेली?

आम्ही यावर पुष्कळ विचार केला. स्पर्धेत दम नव्हता असं म्हणता येत नाही. खेळाडू जगातले होते, जिंकणारा आपला होता. त्या काळी टेनिसची हवाही होती. १९७४ साली पुण्यात भारतानं डेव्हिस चषकाच्या सामन्यात सोव्हिएत रशियाला ३-१ असं हरवलं आणि अंतिम फेरी गाठली. समोर दक्षिण आफ्रिका होती. तिथल्या वर्णभेदी राजवटीच्या निषेधार्थ आपण खेळायलाच नकार दिला. चषक गेला तरी चालेल, पण त्या अन्यायाला हात लावणार नाही, असं तेव्हा ठरलं. म्हणजे खेळ होता, बाणाही होता.

नव्हतं ते ठिकाण. सात वर्षांची यादी पुन्हा बघा. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, बंगलोर, मुंबई, कलकत्ता, मुंबई. बिऱ्हाड कायम पाठीवर. ही आमची स्पर्धा, असं छातीवर हात ठेवून म्हणणारं एक गाव नव्हतं. खेळाडू विमानानं आले, खेळले, विमानानं गेले. ऊस तोडून नेल्यावर रानात बुडखा राहतो, म्हणून पाणी दिलं की खोडवा फुटतो. विकतच्या मोळ्या आणून बांधावर उभ्या केल्या तर चार दिवस हिरवं दिसतं, पुढच्या वर्षी तिथं काय उगवणार?

ही जुनी गोष्ट झाली म्हणावं, तर नवी बघा. पुण्याला बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल आपल्यापासून दोन-तीन तासांच्या वाटेवर. २०१८ साली तिथं 'महाराष्ट्र ओपन' आली. आधी वीस वर्षांहून अधिक काळ हीच स्पर्धा चेन्नईला होती, तिथून उचलून पुण्याला आणली. कोर्ट मातीचं नव्हतं, पण दर्जा मोठा. एटीपी टूरची आपल्या देशातली ती एकमेव स्पर्धा. सिमॉन, अँडरसन, वेसेली, सूझा आणि २०२३ ला ग्रीकस्पूर, असे पाच विजेते झाले. करोनामुळं २०२१ चं वर्ष कोरडं गेलं. रोहन बोपण्णानं जोडीदार बदलून दुहेरी दोनदा जिंकली, तेव्हा आपलीही मान उंचावली. २०२३ नंतर करार संपला आणि ती जागा हाँगकाँगला गेली. पुण्यात त्यानंतर खालच्या दर्जाच्या, चॅलेंजर स्पर्धा झाल्या, नाही असं नाही. पण मोठी गेली ती गेलीच. कारण तिचा हक्क ना चेन्नईच्या प्रेक्षकाचा होता, ना पुण्याच्या. हक्क होता परवानाधारकाचा. चेन्नईवाल्यांच्या हातातून ती आपल्याकडं आली तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या, आपल्या हातातून गेली तेव्हा चेन्नईवाल्यांना काय वाटलं असेल ते कळलं.

आता दुसरी बाजू. आपल्या जुन्नर-आंबेगावच्या मातीतली स्पर्धा कोणती, हे लहान पोरही सांगेल. बैलगाडा! ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तिच्यावर बंदी घातली. घाट ओस पडले, बैल दावणीला राहिले. २०१७ साली विधिमंडळानं कायदा केला, तोही कोर्टात अडकला. शेवटी १६ डिसेंबर २०२१ ला न्यायालयानं अटी घालून परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं कायदा वैध ठरवला. साडेसात वर्षं स्पर्धा बंद होती. मुंबईची स्पर्धा जेवढी वर्षं चालली, त्याहून जास्त काळ आपली बंद होती! तरी परवानगी मिळाली आणि गावोगावच्या जत्रांत ती पुन्हा उभी राहिली. का? कारण बुडखा रानात होता. घाट गावाचा, बैल शेतकऱ्याचा, वर्गणी घरटी. परवाना घेऊन हाँगकाँगला जाणारं त्यात कुणी नव्हतं. जनावराला इजा होऊ नये म्हणून घातलेल्या अटी मात्र आपण मनापासून पाळल्या पाहिजेत, हेही इथंच सांगतो. गाव मालक असलं की जबाबदारीही गावाचीच.

कुस्तीचंही असंच आहे. आखाड्याची लाल माती ताक, तेल, हळद घालून पोसावी लागते. कोल्हापूरला शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान १९१२ पासून आहे. महाराष्ट्र केसरी १९६१ साली सुरू झाली, आता गादीवरही होते आणि मातीवरही. खाशाबा जाधव मातीतून घडले, लंडनला १९४८ साली गादीवर उतरले, सहावे आले आणि १९५२ ला हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. पाठीशी सरकार थोडं आणि गाव जास्त होतं. गाव करील ते राव काय करील?

इथं आम्ही मुद्द्यावर येतो. आपला कारखाना आणि परवान्यावर चालणारी स्पर्धा यांत फरक काय? फरक एकच, मालकी. प्रवरानगरला १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी कारखान्याचा पहिला भोंगा वाजला, तेव्हा शेतकरी ऊस घालणारा गिऱ्हाईक न राहता मालक झाला. पण मालकी नुसती शेअर सर्टिफिकेटवर राहत नाही. सर्टिफिकेट फडताळात, वार्षिक सभेला दांडी, अहवाल न वाचताच रद्दीत, अशी सवय लागली की सहकारही हळूहळू परवान्याचा धंदा होतो. महाराष्ट्रात किती सहकारी कारखाने बंद पडले, विकले गेले, हे आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. तिथंही एका सकाळी सभासदांना कळलं, की आपलं होतं ते आपलं राहिलं नाही. मातीच्या कोर्टाला रोज पाणी लागतं, तसं मालकीलाही लागतं.

म्हणून आमची एक सूचना आहे. येत्या वार्षिक सभेपुढं ती कुणी सभासदानं मांडावी. आपल्या कार्यक्षेत्रातल्या एखाद्या शाळेच्या आवारात एक आखाडा आणि त्याच्या शेजारी लाल मातीचं एक टेनिस कोर्ट करावं. माती आपली, मुरूम आपला, रोलर ग्रामपंचायतीकडून मिळेल. खर्च टनामागं किती पैसे कापायचे ते सभेनं ठरवावं, चेअरमनसाहेबांनी एकट्यानं नव्हे, आणि हिशोब दरवर्षी याच अंकात पै-पैचा छापावा. दरसाल एकाच तारखेला, एकाच ठिकाणी मुला-मुलींची स्पर्धा घ्यावी. पाहुणा मोठा नाही मिळाला तरी चालेल, तारीख चुकता कामा नये. विजेत्यांची नावं शाळेच्या भिंतीवर रंगवावीत, म्हणजे पन्नास वर्षांनी कुणाला शोधत बसावं लागणार नाही.

काही सभासद म्हणतील, "आधी उसाचे पैसे वेळेवर द्या, मग खेळाचं बघू." अगदी रास्त बोललात. आम्हीही आधी पैसेच मागू. पण जो सभासद पोरांच्या कोर्टाचा हिशोब सभेत उभा राहून विचारील, तोच उद्या काट्याचा आणि उताऱ्याचाही हिशोब विचारील. विचारायची सवय एकदा लागली की ती जात नाही. आणि आमची एखादी पोरगी त्या लाल मातीवर रॅकेट घेऊन उतरली, चेंडू रेघेवर पडला, वाद झाला, तर तिनं घाबरू नये. खाली वाकावं, ठसा दाखवावा. माती खरं तेच सांगते.

जय हिंद! जय सहकार!