प्रगतीपुस्तक भरले, पण शिकवायला वेळ उरला किती?

दिवाळीच्या सुट्टीआधी आणि १ मेच्या सुमारास पोरगं प्रगतीपुस्तक घरी आणतं. आपण सही करतो, नाहीतर अंगठा देतो, आणि ते परत जातं. पण त्या पानामागे गुरुजींचे किती तास गेले, याचा हिशेब कधी मांडलाय का?

तुमच्या-आमच्या वेळी विषय, गुण आणि पास-नापास एवढ्यावर भागत असे. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्याच वर्षी राज्याने पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले. गुणांच्या जागी श्रेणी आली, शिवाय प्रत्येक विषयात मुलाबद्दल वर्णनात्मक नोंद आली. हेतू चांगलाच होता. एका पेपरावरून पोर ‘ढ’ ठरू नये.

आता वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेचा हिशेब करा. कायद्याने ६० पटापर्यंत दोनच शिक्षक. समजा, तिसरी-चौथीची ३० मुले एका बाईंकडे आहेत. भाषा, गणित, इंग्रजी, परिसर अभ्यास, कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण असे सात विषय धरा. एका सत्राला २१० नोंदी, वर्षाला ४२०. एका नोंदीला पाच मिनिटे धरली तरी ३५ तास झाले. कायद्यात पहिली ते पाचवीला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितले आहे, म्हणजे दिवसाला चार तास. या हिशेबाने जवळपास नऊ दिवसांच्या शिकवण्याइतका वेळ नुसत्या लिहिण्यात जातो. चाचण्या घेणे, पेपर तपासणे, ऑनलाइन माहिती भरणे, पोषण आहाराची नोंद हे सगळे वेगळेच.

त्यात भर पडतेच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने मुलाचे स्वतःचे आणि सोबत्यांचे मूल्यमापनही प्रगतीपत्रकात घ्यायला सांगितले. २०२३ मध्ये राज्याने पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आणि नापासांची फेरपरीक्षा आणली. नवे येते, पण जुने कागद काही कमी होत नाहीत.

मग होते काय? बाजारात नोंदींच्या तयार पुस्तिका मिळतात. त्यातून उतरवून काढले की ‘वाचन स्पष्ट करतो’ हे वाक्य दहा पोरांच्या पानावर सारखेच येते. कागद पूर्ण होतो, पण आपल्या पोराला भागाकार येतो की नाही, ते कळतच नाही. यात गुरुजींना दोष देऊन भागणार नाही. वेळच नसेल तर खरी नोंद येणार कुठून?

मंडळी, शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सभासद पालक असतात. सरपंच, ग्रामसेवक यांनीही पुढच्या बैठकीला बसावे. एकच माहिती किती ठिकाणी लिहावी लागते, ते गुरुजींना विचारा आणि तसा ठराव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा. आणि यंदा सही करण्याआधी पोराला शेजारी बसवा, चार ओळी वाचायला लावा, मग पानावरची नोंद पाहा. दोन्ही जुळतात का, ते तुम्हालाच समजेल.