एका दिवसाची सहल

मुलांनो, पुण्याहून मोटारीने निघून वाई, पाचगणी, महाबळेश्वर आणि प्रतापगड एकाच दिवसात उरकणारी मंडळी असतात. त्यांना मी प्रवासी म्हणत नाही! त्यांच्या वाट्याला खिडकीबाहेर पळणारी झाडेच येतात. शिवाय थकलेल्या चालकाला पसरणीचा घाट अंधारात उतरावा लागतो, तो धोका निराळाच. त्यापेक्षा वाईलाच थांबावे. वाट सुमारे ९० किलोमीटरांची. पहाटे निघालात, तर न्याहारीच्या सुमारास कृष्णाकाठ गाठाल. जवळच मेणवलीस नाना फडणिसांचा वाडा आहे आणि घाटावर एक प्रचंड घंटा. १७३९ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हाची ही घंटा! तेथे तासभर तरी रेंगाळावे. प्रतापगडासाठी दुसरा दिवस राखावा. बेत आखताना नकाशा तुम्ही हाती घ्या आणि परतीची वेळ वडीलधाऱ्यांना विचारून त्यावरच लिहून ठेवा.